सोळा किलोबाइटांत सगळं बसवताना

बिल्ड संपता संपता लिंकरने कळवलं की फ्लॅश सव्वादोन किलोबाइटांनी ओसंडली आहे. समोर टेबलावर शेतीपंपाच्या कंट्रोलरचा बोर्ड होता. त्याने तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट मोजायचं, एखादी फेज गेली किंवा विहिरीतलं पाणी उपसून पंप कोरडा फिरू लागला तर मोटर बंद करायची, आणि काय झालं ते शेतकऱ्याला एसएमएसने मराठीत कळवायचं. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, पुष्कळदा रात्री. माणूस घरी झोपलेला असताना शेतातल्या मोटरची राखण हा बोर्ड करणार होता. चिप होती एसटीएम३२एफ०३०एफ४. तिचा गाभा कॉर्टेक्स-एम०, घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ, फ्लॅश १६ किलोबाइट आणि रॅम ४ किलोबाइट.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो मोठी चिप घेण्याचा. तो सल्ला नेहमीच चुकीचा नसतो. एखाद्याच बोर्डाचं काम असेल तर मोठी चिप घ्या आणि वेळ वाचवा. पण बोर्ड छापून आलेले असतात, पिना जुळाव्या लागतात, मालाची किंमत ठरून गेलेली असते. मग आहे त्या जागेतच सगळं बसवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा बसतं.

कॉलेजात आपण शिकतो की वेग हवा असेल तर जागा खर्च करा, जागा हवी असेल तर वेग सोडा. हे खरं आहे, पण ते पुढच्या टप्प्यावर. छोट्या चिपवरच्या फर्मवेअरमध्ये सुरुवातीला दोन्ही एकाच दिशेला असतात. जे काम त्या चिपने करायलाच नको होतं ते काढून टाकलं की कोड लहान होतो आणि त्याच फटक्यात वेगवानही होतो. या लेखातला बराचसा भाग असं फुकटचं काम ओळखण्याबद्दल आहे.

आधी मोजदाद

बिल्डनंतर ‘साइझ’ हे टूल चालवलं की तीन आकडे दिसतात: टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस. टेक्स्टमध्ये कोड आणि स्थिर माहिती असते. सुरुवातीची किंमत दिलेली चल माहिती डेटामध्ये जाते आणि शून्यापासून सुरू होणारी बीएसएसमध्ये. फ्लॅशमध्ये टेक्स्ट अधिक डेटा जातं, रॅममध्ये डेटा अधिक बीएसएस. म्हणजे डेटा दोन्हीकडे मोजला जातो. एखाद्या तक्त्याआधी ‘कॉन्स्ट’ लिहायचं राहून गेलं की तो तक्ता फ्लॅशमध्येही बसतो आणि चालू होताना रॅममध्येही उतरतो. चार किलोबाइट रॅम असताना पाचशे बाइटांचा तक्ता असा वाया जाणं परवडत नाही. डेटाचा आकडा अनपेक्षित मोठा दिसला तर आधी हेच तपासा.

त्यानंतर मॅप फाईल उघडा. लिंकरला सांगितलं की तो ती लिहून देतो, आणि कुठल्या फंक्शनने किती जागा घेतली, ते कुठल्या लायब्ररीतून आलं, हे सगळं तिच्यात असतं. दिसायला ती किचकट असते, म्हणून अनेक जण तिच्या वाटेलाच जात नाहीत. ‘एनएम’ या टूलला आकारानुसार क्रम लावायला सांगा आणि फक्त मोठी वीस नावं बघा. माझ्या यादीत वरची बहुतेक नावं मी लिहिलेलीच नव्हती. दशांश अंकांचे गुणाकार-भागाकार करणारी लायब्ररी, प्रिंटएफचं कुटुंब, त्याला लागणारं मॅलॉक, चिपच्या कंपनीने दिलेल्या हॅल लायब्ररीतली सुरुवातीची फंक्शन्स आणि एसएमएसचे मजकूर. मोटर वाचवणारा खरा कोड निम्म्याहून कमी होता. ही यादी बघितल्याशिवाय कोडला हात लावू नका. नाहीतर आपण आपल्या फंक्शनमधल्या चार ओळी घासत बसतो आणि दहा किलोबाइट भलतीकडेच गेलेले असतात.

वेळही अशीच मोजायची. सर्वांत सोपी रीत म्हणजे एक रिकामी पिन घ्या, कामाच्या सुरुवातीला ती वर करा, शेवटी खाली करा, आणि स्कोपवर किंवा साध्या लॉजिक ॲनालायझरवर तिची रुंदी बघा. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये चक्रं मोजणारा काउंटर असतो, एम० मध्ये तो नसतो. तिथे सिसटिक वापरता येतो. तो २४ बिटांचा आणि उलटा मोजणारा आहे, ४८ मेगाहर्ट्झवर सुमारे ०.३५ सेकंदात तो पूर्ण फिरतो. एखाद्या फंक्शनसाठी एवढं पुरे. मोजताना सरासरीइतकंच लक्ष सर्वांत वाईट वेळेकडे द्या. इंटरप्ट कधीतरी एकदाच उशिरा आला तरी तेवढ्यात नमुना हुकतो.

जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. एकूण वेळेपैकी ज्या भागाला दहा टक्के लागतात तो तुम्ही शून्यावर आणलात, तरी एकूण बचत दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून मोजलेल्या यादीत वर असलेल्या कामालाच हात घाला.

वर्गमूळ हवंय कुणाला?

वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. प्रत्येक आवर्तनात ६४ नमुने घ्यायचे ठरवले तर दोन नमुन्यांमध्ये ३१२.५ मायक्रोसेकंद मिळतात. ४८ मेगाहर्ट्झवर याची १५,००० चक्रं होतात. सहा चॅनेल आहेत, म्हणजे एका चॅनेलच्या वाट्याला २,५००. ऐकायला हे भरपूर वाटतं.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नमुना दशांशात बदलून, व्होल्टमध्ये रूपांतर करून, वर्ग करून बेरजेत टाकला जात होता आणि आवर्तनाच्या शेवटी वर्गमूळ काढून आरएमएस किंमत मर्यादेशी ताडून बघितली जात होती. पुस्तकात सूत्र जसं आहे तसंच ते कोडमध्ये उतरलं होतं. कॉर्टेक्स-एम० मध्ये दशांश अंकांसाठी हार्डवेअर नाही. त्यामुळे प्रत्येक बेरीज आणि प्रत्येक गुणाकार म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनची एक खेप. शिवाय गुणकांपुढे ‘एफ’ अक्षर लिहायचं राहिलं होतं. सी भाषेत ०.८०५ असं नुसतं लिहिलं की तो ‘डबल’ ठरतो आणि त्याच्याबरोबर सगळं गणित ६४ बिटांत जातं. एम४ सारख्या चिपमध्ये दशांशांचं हार्डवेअर असलं तरी ते एकेरी अचूकतेचं असतं, त्यामुळे तिथेही हे एक अक्षर विसरलं की हार्डवेअर बाजूला राहतं आणि सॉफ्टवेअर राबत बसतं. जीसीसीमध्ये ‘-डब्ल्यूडबल-प्रमोशन’ ही सूचना चालू केली की अशी ठिकाणं तो दाखवून देतो. ती कायम चालू ठेवा.

आता प्रश्न नीट विचारून बघा. मोटर बंद करायची की नाही, एवढंच ठरवायचं आहे. करंट किती अँपिअर आहे हे त्या निर्णयाला लागत नाही, तो मर्यादेपेक्षा जास्त आहे की कमी एवढं लागतं. दोन धन संख्यांमध्ये मोठी कोणती ते त्यांच्या वर्गांवरूनही कळतं. मग वर्गमूळ कशाला काढायचं? ६४ ने भागायचं तरी कशाला? मर्यादेचाच वर्ग करून ६४ ने गुणून ठेवा आणि वर्गांची बेरीज सरळ तिच्याशी ताडा. समजा मर्यादा एडीसीच्या भाषेत ६०० आकडे आहे. ६०० चा वर्ग ३,६०,०००, गुणिले ६४, म्हणजे २,३०,४०,०००. बेरीज याच्या वर गेली की मर्यादा ओलांडली. हा आकडा स्थिर असेल तर कंपायलर तो बिल्डच्या वेळीच काढून ठेवतो. मर्यादा बदलता येणारी असेल तर सेटिंग बदलेल तेव्हा एकदाच काढायचा.

आकडे मावतात का, हे कागदावर बघा. एडीसी १२ बिटी आहे, मध्यबिंदू वजा केल्यावर नमुना जास्तीत जास्त २०४८ इतका जातो. त्याचा वर्ग ४१,९४,३०४ आणि ६४ वेळा मिळवला तर २६,८४,३५,४५६. बत्तीस बिटांत हे आरामात बसतं. प्रत्येक नमुन्याचं काम आता एक वजाबाकी, एक गुणाकार आणि एक बेरीज एवढंच उरलं, आणि या चिपवर पूर्णांकांचा गुणाकार एका चक्रात होतो. काही हजार चक्रं जात होती तिथे शेकड्यावर आली. दशांशांची लायब्ररी त्या वाटेवरून हटली.

नमुने ६० ऐवजी ६४ घेण्यामागेही कारण आहे. मध्यबिंदू बरोबर २०४८ वर बसत नाही, रेझिस्टरच्या फरकामुळे थोडा इकडेतिकडे असतो. म्हणून मागच्या आवर्तनाची सरासरी काढून तीच मध्यबिंदू म्हणून वापरतो. ६४ ने भागणं म्हणजे सहा घरं उजवीकडे सरकवणं. ६० ने भागायचं तर कॉर्टेक्स-एम० मध्ये भागाकाराची सूचनाच नाही, पुन्हा लायब्ररी बोलवावी लागते. एम३ वर हार्डवेअरचा भागाकार २ ते १२ चक्रांत होतो, शिवाय स्थिर संख्येने भागायचं असेल तर कंपायलर त्याचा गुणाकार करून टाकतो. एम० ला ६४ बिटी उत्तर देणारा गुणाकार नसल्यामुळे तीही सोय नाही. चिप कुठली हे माहीत नसताना दिलेला वेगाचा सल्ला म्हणूनच फार उपयोगाचा नसतो.

करंट पडद्यावर अँपिअरमध्ये दाखवायचा असेल तर वर्गमूळ लागेलच. पण तो आकडा सेकंदातून दोनदा बदलला तरी पुरे. त्यासाठी सोळा फेऱ्यांत पूर्णांक वर्गमूळ काढणारं छोटं फंक्शन लिहा आणि ते मुख्य लूपमध्ये सावकाश चालू द्या. आकडा दहापट करून ठेवा: १२.५ अँपिअर म्हणजे १२५. दाखवताना दहाने भागून भागाकार लिहा, टिंब द्या, बाकी लिहा. या तीन ओळींसाठी दशांश समजणारा प्रिंटएफ आणला, तर नेहमीच्या न्यूलिब लायब्ररीत तो एकटाच या चिपची फ्लॅश भरून टाकू शकतो. न्यूलिब-नॅनो वापरल्यावर बरंच हलकं होतं, पण आमच्या कामात तोही लागला नाही. अंक लिहिणारं फंक्शन आणि शब्द लिहिणारं फंक्शन एवढ्यावर भागलं.

पूर्णांकांकडे वळताना एक सावधगिरी. एटीमेगा३२८पी सारख्या आठ बिटी चिपवर ‘इंट’ १६ बिटांचा असतो. तिथे एडीसीच्या १०२३ ला ५००० ने गुणलं की उत्तर ओसंडतं आणि व्होल्टेज भलतंच दिसतं. गुणाकाराआधी एका बाजूला ३२ बिटी करून घ्या. चलांच्या रुंदीबाबतही या दोन कुळांचं वळण उलटं आहे. आठ बिटी चिपवर लूपचा मोजणारा चल आठ बिटी ठेवणं फायद्याचं. ३२ बिटी चिपवर तोच आठ बिटी ठेवला तर वरचे बिट पुसण्यासाठी कंपायलरला जादा सूचना घालाव्या लागतात. रचनेत किंवा ॲरेमध्ये साठवताना लहान प्रकार, हिशेब करताना चिपच्या रुंदीचा प्रकार, असं ठेवलं की दोन्हीकडे ठीक चालतं.

‘मोटर’ या शब्दाची चार बाइटं

यादीतली पुढची मोठी नोंद एसएमएसच्या मजकुरांची होती. मराठी एसएमएस यूसीएस-२ या पद्धतीने जातो. प्रत्येक अक्षरचिन्हाला दोन बाइट, म्हणून एका संदेशात १६० ऐवजी ७० चिन्हं मावतात. मोडेमला हा मजकूर षोडशमान अंकांत द्यावा लागतो, म्हणजे एका चिन्हामागे चार अंक. ‘मोटर’ हा शब्द म, ओकाराची मात्रा, ट आणि र अशी चार चिन्हं आहेत. मोडेमला त्याचे सोळा अंक जातात. आम्ही हे अंक तसेच्या तसे कोडमध्ये लिहून ठेवले होते. बारा संदेश, प्रत्येकी साठेक चिन्हं, प्रत्येकाची चार बाइटं. २,८८० बाइट.

देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा बघितला तर वाट सापडते. तो ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, म्हणजे बरोबर १२८ स्थानं. १२८ म्हणजे सात बिट. बाइटचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर उरलेले सात बिट देवनागरी पट्ट्यातलं स्थान समजायचं, ० असेल तर ते साधं आस्की चिन्ह: जागा, अंक, पूर्णविराम. एवढा नियम ठरवला की प्रत्येक मराठी चिन्ह एका बाइटमध्ये बसतं. ‘म’ चं स्थान ०९२ई, त्याचं बाइट एई. पाठवताना उलट करायचं: वरचा बिट बघायचा, ०९०० मिळवायचे, चार अंक छापायचे. हे फंक्शन शंभरेक बाइटांत होतं. संदेशांची जागा २,८८० वरून ७२० वर आली. ओसंडलेली सव्वादोन किलोबाइटं बहुतांशी इथेच भरून निघाली.

मूळ मजकूर मात्र हाताने बाइटांत लिहू नका. संगणकावर एका साध्या मजकूर फाईलमध्ये मराठी वाक्यं ठेवा आणि बिल्डच्या वेळी पायथनची छोटी स्क्रिप्ट त्यांचा तक्ता बनवू द्या. भाषा तपासणाऱ्या माणसाला मग वाक्यं वाचता येतात आणि दुरुस्त करता येतात. ‘विहिरीत पाणी नाही, मोटर बंद केली’ हे वाक्य शेतकऱ्याला लगेच कळतं, ‘ड्राय रन ट्रिप’ कळतंच असं नाही. जागा वाचवण्यासाठी मजकूर इंग्रजीत करावा, असा आग्रह त्या वेळी झाला होता. तो न मानल्याचं मला आजही समाधान आहे.

हाच विचार इतर माहितीलाही लागू होतो. तुमच्या माहितीत खरे किती वेगवेगळे पर्याय आहेत ते मोजा आणि तेवढ्याच बिटांत ती ठेवा. दिवसाची वेळ मिनिटांत १,४४० च्या आत असते, ११ बिट पुरतात. तीन फेजच्या स्थितीला तीन बिट पुरतात.

कंपायलरला काय सांगायचं

हा भाग थोडक्यात, कारण इथे फार विचार लागत नाही. प्रकल्प बनवणारी साधनं पुष्कळदा ‘-ओ०’ वर म्हणजे काहीही न सुधारता बिल्ड करतात. ‘-ओएस’ लावा. ‘-एफफंक्शन-सेक्शन्स’ आणि ‘-एफडेटा-सेक्शन्स’ लावून लिंकरला ‘--जीसी-सेक्शन्स’ सांगा, म्हणजे कुणी न बोलावलेली फंक्शन्स गळून पडतील. मात्र लिंकर स्क्रिप्टमध्ये इंटरप्टच्या तक्त्याभोवती ‘कीप’ आहे ना ते बघा. त्या तक्त्याला कोडमधून कुणी नावाने बोलावत नाही, त्यामुळे ‘कीप’ नसेल तर तोही गळून पडेल आणि चिप उठणारच नाही. ‘-एफएलटीओ’ ने आणखी थोडी जागा सुटते, फक्त त्यानंतर डीबग करणं अवघड होतं, म्हणून तो शेवटी लावा. एखादं फंक्शन खरोखर वेगाने हवं असेल तर ते वेगळ्या फाईलमध्ये काढून त्या फाईलपुरतं ‘-ओ२’ द्या. फंक्शनवरच ऑप्टिमाइझचं बिरूद चिकटवण्याची सोय जीसीसीमध्ये आहे, पण ती डीबगसाठी आहे, विक्रीच्या मालासाठी नाही, असं जीसीसीच्या माहितीपुस्तकातच सांगितलं आहे.

लूप हाताने उलगडण्याचे जुने डावपेच सोडून द्या. टॉम डफ यांनी १९८३ मध्ये लुकासफिल्ममध्ये काम करताना शोधलेली स्विच आणि लूप एकत्र गुंफण्याची युक्ती बुद्धीचा सुंदर नमुना आहे, अवश्य समजून घ्या. पण आजचा कंपायलर साधा लूप ओळखतो आणि स्वतः उलगडतो. गुंतागुंतीचा लूप त्याला ओळखता येत नाही.

हॅल लायब्ररीबद्दल माझं मत असं की सुरुवातीला ती वापरा. बोर्ड लवकर उठतो. नंतर मॅप फाईलमध्ये ती किती जागा खाते ते बघून एकेक भाग खालच्या पातळीवर आणा. घड्याळ आणि पिना लावणारा कोड एकदाच चालतो, तरीही जागा बरीच घेतो; तो थेट रजिस्टरमध्ये लिहिला की मोठी बचत होते. अर्दुइनोतही हेच दिसतं. ‘डिजिटलराइट’ ला पन्नासच्या आसपास चक्रं लागतात. तीच पिन थेट रजिस्टरमधून बदलली तर एटीमेगा३२८पी वर दोन चक्रांत काम होतं. दिवा लावायला पन्नास चक्रं गेली तरी बिघडत नाही. लूपमध्ये हजारदा तेच होत असेल तर बिघडतं.

जिथे खरंच एकाचा त्याग करावा लागतो

फुकटचं काम काढून संपलं की वेग आणि जागा यांचा खरा सौदा सुरू होतो. सीआरसी हे त्याचं चांगलं उदाहरण. मॉडबसवर बोलणाऱ्या यंत्रात प्रत्येक बाइटमागे १६ बिटी सीआरसी काढावा लागतो. एक रीत म्हणजे एकेक बिट घेऊन आठ फेऱ्या मारायच्या. तक्ता लागत नाही. दुसरी रीत २५६ नोंदींच्या तक्त्याची: बाइटमागे एकदाच बघायचं, पण तक्ता ५१२ बाइटांचा. इंटरनेटवर शोधलं की बहुधा हीच पुढे येते. यांच्या मधली तिसरी रीत फारशी कुणाला सुचत नाही. अर्ध्या बाइटचा, १६ नोंदींचा तक्ता, फक्त ३२ बाइट, आणि बाइटमागे दोनदा बघायचं.

कुठली निवडायची हे तारेवरचा वेग ठरवतो. ९६०० बॉडवर मॉडबसचं एक अक्षर अकरा बिटांचं, ते यायला १.१५ मिलिसेकंद लागतात. ४८ मेगाहर्ट्झवर ही ५५,००० चक्रं झाली. आठ फेऱ्यांच्या रीतीला साधारण शंभर लागतात. उरलेली ५४,९०० चक्रं चिप वाटच बघत असते. इथे ५१२ बाइट देऊन काय मिळालं? काहीच नाही. तोच सीआरसी चालू होताना सगळ्या फर्मवेअरवरून फिरवायचा असेल आणि मोटर चटकन सुरू व्हायला हवी असेल, तर उत्तर बदलेल. कित्येक चिपमध्ये सीआरसीचं हार्डवेअरच असतं, तेही आधी बघून घ्या.

वाट बघण्यात जाणारा वेळ हा स्वतंत्र विषय आहे, आणि वेगाची तक्रार असते तेव्हा पुष्कळदा मूळ तिथेच सापडतं. ९६०० बॉडवर पन्नास अक्षरांची ओळ पाठवायला ५२ मिलिसेकंद लागतात. पाठवणारं फंक्शन प्रत्येक अक्षर जाईपर्यंत थांबून राहत असेल तर तेवढ्या वेळात विजेची अडीच आवर्तनं निघून जातात. गणित कितीही चपळ केलं तरी ही गळती भरून निघत नाही. ओळ रांगेच्या बफरमध्ये टाका आणि इंटरप्टला ती एकेक अक्षर पाठवू द्या. बफरचा आकार ६४ सारखा दोनाचा घात ठेवा आणि निर्देशांक अनसाइन्ड ठेवा, म्हणजे गोल फिरवायला भागाकार लागणार नाही. निर्देशांक साइन्ड राहिला तर ऋण संख्येच्या शक्यतेपोटी कंपायलर जादा सूचना घालतो. एडीसीचे नमुने डीएमएने थेट रॅममध्ये उतरवा. इंटरप्टमध्ये फक्त नोंद करा आणि बाहेर पडा, विचार मुख्य लूपमध्ये होऊ द्या.

रॅमचा तळ

फ्लॅश संपली की लिंकर सांगतो. रॅम संपली तर कुणीच सांगत नाही. स्टॅक वरून खाली वाढत येतो आणि एक दिवस चलांच्या जागेत शिरतो. मग मर्यादेचा आकडा आपोआप बदलतो, किंवा आठवड्यातून एकदा बोर्ड अडकतो. हा दोष टेबलावर सापडत नाही, शेतात सापडतो.

म्हणून स्टॅकची जागा चालू होतानाच ठरावीक बाइटने, उदाहरणार्थ ए५ ने, भरून ठेवा. बोर्ड दोन दिवस सगळ्या परिस्थितींतून चालवा, मग ए५ कुठपर्यंत शिल्लक आहेत ते बघा. ‘-एफस्टॅक-यूसेज’ ने प्रत्येक फंक्शनला किती स्टॅक लागतो तेही कळतं. दोनशे बाइटांचा स्थानिक ॲरे घेणारी फंक्शन्स तिथे लगेच उघडी पडतात. मला आवडणारी आणखी एक व्यवस्था म्हणजे लिंकर स्क्रिप्टमध्ये स्टॅक रॅमच्या अगदी तळाशी ठेवणं. तो ओसंडला तर रॅमच्या बाहेर जातो आणि कॉर्टेक्स-एम तिथेच हार्डफॉल्ट देतो. चुपचाप चुकीचा आकडा वापरत राहण्यापेक्षा मोटर बंद होऊन बोर्ड पुन्हा सुरू झालेला बरा.

रचनांमधली पोकळीही बघा. एक बाइट, मग चार बाइटांचा आकडा, मग पुन्हा एक बाइट, अशी रचना ३२ बिटी चिपवर सहाऐवजी बारा बाइट घेते. मोठा घटक आधी लिहिला की आठ. अशा शंभर नोंदी असतील तर चारशे बाइट सुटतात, म्हणजे आपल्या रॅमचा दहावा हिस्सा. एटीमेगाच्या दोन किलोबाइट रॅममध्ये आणखी एक छुपी गळती असते: अर्दुइनोत छापायच्या साध्या ओळीसुद्धा चालू होताना रॅममध्ये उतरतात. त्यांना ‘एफ’ मॅक्रोत गुंडाळलं की त्या फ्लॅशमध्येच राहतात.

बदलल्यानंतर

ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर चालणारा कोड बंद पडला की दोष कंपायलरला दिला जातो. बहुतेक वेळा चूक आधीपासून कोडमध्येच दडलेली असते. इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या चलाला ‘व्होलाटाइल’ लावलेलं नसतं, त्यामुळे मुख्य लूप तो एकदाच वाचून रजिस्टरमध्ये धरून बसतो. रिकाम्या लूपने केलेला विलंब तर कंपायलर पूर्ण पुसून टाकतो. विलंबासाठी टायमर वापरा. व्होलाटाइल लावूनही आठ बिटी चिपवर एक धोका उरतो. १६ बिटी चल तिथे दोन टप्प्यांत वाचला जातो, आणि मध्येच इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हाती येतो. वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा.

प्रत्येक बदलानंतर टेक्स्ट, डेटा, बीएसएस आणि सर्वांत वाईट वेळ हे चार आकडे कमिटच्या नोंदीत लिहा, आणि प्रत्येक विक्रीच्या आवृत्तीची मॅप फाईल जपून ठेवा. सहा महिन्यांनी फर्मवेअर अचानक फुगलं तर दोन मॅप फाईली शेजारी ठेवल्या की कारण काही मिनिटांत सापडतं. आणि सगळी जागा भरू नका. आम्ही दीड किलोबाइट मोकळे सोडले होते. पुढच्या हंगामात दोन शेतांवर वीज येताना फेजचा क्रम उलटा मिळत होता, आणि त्याची तपासणी त्या मोकळ्या जागेत बसली.

या नोंदी झाल्यानंतरच बोर्ड बांधायला द्यायचा, आणि तोही एक चाचणी पुन्हा केल्यावर. टेबलावर तिन्ही फेज जोडा. मोडेमला एसएमएस पाठवायला लावा, पडदा चालू ठेवा, सीरियलवर माहिती वाहू द्या, म्हणजे चिप सर्वांत जास्त गुंतलेली असेल. मग बी फेजची वायर काढा आणि रिले पडेपर्यंतचा वेळ स्कोपवर बघा. जुन्या आवृत्तीवर शंभर वेळा, नव्यावर शंभर वेळा, आणि दोन्हीकडचा सर्वांत उशिराचा आकडा वहीत शेजारीशेजारी लिहा. नव्याचा आकडा एकदा जरी जुन्यापेक्षा मोठा आला, तरी तो बोर्ड शेतात पाठवू नका.